ओळखीचा चेहरा दिसला, की तोच खुनी?

गुन्हेगारी मालिका चालू असते. पाच-सहा संशयितांच्या घोळक्यात कुठंतरी आधी पाहिलेला एखादा नट दिसतो आणि घरातलं कुणीतरी ठामपणे सांगून टाकतं, "हाच खुनी असणार बघ." बऱ्याचदा ते खरंही निघतं. दुसरा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. दहा-पंधरा वर्षांनी त्या भागाचा विषय निघतो, तेव्हा कुणी कुणाला कशानं मारलं हे कुणालाच आठवत नाही. पण "तो एक म्हातारा होता ना, सारखा चष्मा पुसणारा," हे मात्र सगळ्यांना आठवतं. त्या म्हाताऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. तो त्या एका भागापुरताच आलेला असतो.

यातून पडणारे दोन प्रश्न आपण इथं सोडवू. ओळखीचा नटच गुन्हेगार का निघतो? आणि आठ-नऊ मिनिटं दिसलेला माणूस एवढा लक्षात का राहतो? त्यासाठी मुंबईच्या 'सीआयडी'पासून अमेरिकेच्या 'कोलंबो'पर्यंत जाऊ आणि मध्ये वाशीम जिल्ह्यातल्या केनवडलाही थांबू.

१. दोन प्रकारच्या मालिका

टीव्हीवरच्या गोष्टी ढोबळमानानं दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात एकच गोष्ट महिनोन्‌महिने पुढे सरकते. आज सासूनं ऐकलं, उद्या सुनेला कळलं, परवा भांडण झालं. अशा मालिकेतली माणसं रोज तीच असतात आणि त्यांची ओळख सावकाश पटवून द्यायला लेखकाकडे भरपूर वेळ असतो.

दुसरा प्रकार प्रकरणांचा. दर वेळी नवा गुन्हा, नवा तपास, नवा शेवट. तपास करणारे मात्र तेच. दूरदर्शनवर १९८५ साली आलेला पंकज पराशर यांचा 'करमचंद', १९९३ साली बासू चटर्जींनी केलेला 'ब्योमकेश बक्षी', मराठीत रमेश भाटकरांचा 'हॅलो इन्स्पेक्टर' आणि पोलिसांच्या फोन नंबरावरून नाव घेतलेली 'एक शून्य शून्य' या सगळ्या मालिका याच जातीच्या. २१ जानेवारी १९९८ ला सोनी वाहिनीवर सुरू झालेली 'सीआयडी' हे या प्रकाराचं आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण. ती २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली, तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

या दुसऱ्या प्रकारातच पाहुण्या नटाला खरं काम असतं. ते का, हे आता पाहू.

२. जात्याच्या दोन तळ्या

जात्याची खालची तळी हलत नाही, वरची फिरते. दळण पडतं ते दोघींमुळे. पण दोन्ही स्थिर राहिल्या तर दाणा फुटणार नाही आणि दोन्ही बरोबरीनं फिरल्या तर पीठ होणार नाही. प्रकरणांच्या मालिकेची रचना अशीच असते. पोलीस ही खालची तळी. 'सीआयडी'तल्या एसीपी प्रद्युम्नची बोटं हवेत फिरणार, दया दार तोडणार, डॉक्टर साळुंखे प्रयोगशाळेत वाट बघत असणार. प्रेक्षकाला ही स्थिरता हवी असते; त्याच भरवशावर तो दर आठवड्याला येतो.

मात्र स्थिर माणसात बदल होत नाही आणि बदल नसेल तर गोष्ट नाही. एसीपी प्रद्युम्नचं आयुष्य दर आठवड्याला उद्ध्वस्त करता येत नाही. ज्याचं आयुष्य या एका भागात उद्ध्वस्त होऊ शकतं, जो खोटं बोलू शकतो, प्रेम करू शकतो, मरू शकतो, तो बाहेरूनच यायला हवा. पाहुणा नट म्हणजे ती फिरणारी तळी. नाव पोलिसाचं होतं, पण त्या भागाची गोष्ट पाहुण्याची असते.

३. पाहुणा, सहायक आणि चरित्र अभिनेता

तीन शब्द नेहमी एकमेकांत मिसळतात, ते वेगळे करून घेऊ.

पाहुणा नट एका किंवा दोन भागांपुरता येतो. त्याची गोष्ट तिथंच सुरू होऊन तिथंच संपते.

सहायक नट बरोबर राहतो. जुलै २०१८ मध्ये आलेल्या 'सेक्रेड गेम्स'मध्ये जितेंद्र जोशींनी केलेला हवालदार काटेकर आठवा. नायक सैफ अली खानचा सरताज सिंग. काटेकर त्याच्या मागे गाडीत, जिन्यावर, चौकीत. पहिल्याच पर्वात तो मारला जातो. तोवर त्याचा राग, त्याचे पूर्वग्रह, घरचं त्याचं वागणं हे सगळं आपण थोडं थोडं पाहिलेलं असतं, म्हणून ते मरण लागतं. काटेकरला आपल्या मनात घर करायला कित्येक भाग मिळाले. पाहुण्याला ही चैन नसते.

चरित्र अभिनेता ही मात्र भूमिकेची लांबी नव्हे, ती नटाची जात आहे. नायकाच्या भूमिकेत नट स्वतःचा चेहरा घेऊन येतो आणि प्रेक्षक तो चेहरा पाहायलाच आलेला असतो. चरित्र अभिनेता समोरच्या माणसाचं वय, धंदा, बोली, चाल आणि सवय अंगावर घेतो. 'सामना' चित्रपटातला हिंदुराव धोंडे-पाटील करणारे निळू फुले पडद्यावर आले, की गावातली सत्ता, साखर कारखाना आणि त्यामागचा दरारा हे सगळं त्यांच्याबरोबर आत यायचं. मराठी रंगभूमीनं असे नट पिढ्यान्‌पिढ्या घडवले. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका स्पर्धा, बँका-बँकांमधल्या नाट्यस्पर्धा ही त्यांची शाळा.

एसीपी प्रद्युम्न करणारे शिवाजी साटम त्याच शाळेतले. ते सेंट्रल बँकेत रोखपाल होते आणि बँकांच्या नाट्यस्पर्धेत काम करायचे. तिथं त्यांना हेरलं ते बाळ धुरींनी, म्हणजे पुढे 'रामायण' मालिकेत ज्यांनी दशरथ केला त्यांनी. दशरथाचीच भूमिका पाहा. एवढ्या मोठ्या मालिकेत तो सुरुवातीच्या भागांतच संपतो, तरी पुत्रवियोगानं खचलेला तो बाप लोकांच्या डोळ्यांसमोरून गेलेला नाही. चरित्र अभिनेत्याचं बळ ते हेच.

जेव्हा चरित्र अभिनेता पाहुणा म्हणून येतो, तेव्हा आपण ज्या लक्षात राहणाऱ्या भूमिकेबद्दल बोलतो आहोत ती जन्माला येते.

४. मिनिटांचा हिशेब

आता त्या पाहुण्याकडे वेळ किती असतो ते मोजू. आपल्याकडच्या केबल टीव्हीच्या नियमांनुसार एका तासात जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. म्हणजे तासाभराच्या भागाला उरली ४८ मिनिटं. त्यातून शीर्षकं, मागच्या भागाची उजळणी आणि शेवटची नामावली यांना चारेक मिनिटं द्या. राहिली ४४.

यातली निम्मी तरी पोलिसांची: घटनास्थळ, प्रयोगशाळा, गाडीतली चर्चा, पाठलाग. उरलेल्या २२ मिनिटांत बळी, त्याचं कुटुंब, तीन-चार संशयित आणि एखादा साक्षीदार. सगळ्यांत महत्त्वाच्या पाहुण्याच्या वाट्याला फार तर आठ-नऊ मिनिटं येतात, तीही चार-पाच तुकड्यांत.

याच्यासमोर कायमच्या नटाचा हिशेब ठेवा. समजा, मुख्य पोलीस अधिकारी दर भागात १० मिनिटं दिसतो आणि भाग झाले १,५००. १५,००० मिनिटं, म्हणजे २५० तास. एका बाजूला २५० तासांची ओळख, दुसऱ्या बाजूला ९ मिनिटांची. तरी त्या नऊ मिनिटांचा माणूस टिकतो.

आणखीही कमी वेळात हे घडू शकतं. जून २०२१ मध्ये आलेल्या 'द फॅमिली मॅन'च्या दुसऱ्या पर्वातले चेल्लम सर आठवा. गुप्तचर खात्यातला हा निवृत्त माणूस नायकाला अडचणीत माहिती पुरवतो आणि निघून जातो. तमिळ नट उदय महेश यांनी तो केला. पडद्यावरचा त्यांचा वेळ अगदी थोडा, पण मालिका आली आणि देशभर त्यांचंच नाव झालं. चेल्लम सरांच्या घरी कोण आहे, ते कुठं वाढले, काहीच कळत नाही. या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि ते तो घाई न करता सांगतो, एवढं मात्र पहिल्या क्षणाला कळतं. थोड्या वेळात माणूस उभा करायचा तर सगळं सांगत बसून चालत नाही. एकच गोष्ट पक्की धरावी लागते. ती कशी धरतात?

५. केनवडचा मापारी

एक उदाहरण रचून पाहू. गोष्ट पूर्ण कल्पित आहे.

केनवड हे रिसोड तालुक्यातलं, मालेगाव–मेहकर रस्त्यावरचं गाव. सोयाबीन आणि तूर पिकवणारा हा मुलूख. समजा, सोयाबीनच्या ऐन हंगामात एका आडत्याचा खून होतो. संशय येतो त्याच्याकडे काम करणाऱ्या मापाऱ्यावर. मापारी म्हणजे बाजारात शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलणारा माणूस. नाव ठेवू सोपान, वय पंचावन्न, राहणार केनवड. मुंबईहून आलेला इन्स्पेक्टर विचारतो, "तुझं त्याच्याशी वैर होतं?"

सोपानचं उत्तर:

"मी त्याले काहून मारू साहेब? सहा हप्त्याचे माहे पैशे त्याच्यापाशी अटकून होते. मेलेल्या मानसाकून पैशे कोन वसूल करते?"

या तीन वाक्यांनी किती कामं केली ते मोजा. पहिलं, पैसे थकले होते हे सांगून त्यानं खुनाचं कारण स्वतःच पोलिसाच्या हाती दिलं. दुसरं, त्याच कारणातून आपला बचाव काढला. तिसरं, त्याची गरिबी कळली. सहा हप्त्यांची मजुरी हा त्याच्यासाठी जगण्याचा प्रश्न आहे. चौथं, बोलीनं त्याला वऱ्हाडात आणून बसवलं. चांगला लेखक पाहुण्याला अशी वाक्यं देतो, कारण वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी वाक्यं द्यायला वेळच नसतो.

आता नटाची बाजू. हे बोल तीन तऱ्हांनी म्हणता येतील. रागानं म्हटले तर सोपान खुनी वाटेल. भीतीनं म्हटले तर तो कुठल्याही मालिकेतला कुठलाही गरीब साक्षीदार वाटेल. तिसरी तऱ्हा: तो हे हिशेबासारखं म्हणतो. जन्मभर क्विंटल आणि किलो मोजलेल्या माणसाच्या सुरात, थकून, सरळ. या तिसऱ्या तऱ्हेत तो सोपान होतो, कारण त्याचा धंदा त्याच्या आवाजात उतरला.

यानंतर हात. इन्स्पेक्टर बोलत असताना सोपान खाली सांडलेले सोयाबीनचे चार दाणे उचलतो, एक दाताखाली धरून ओलावा बघतो आणि बाकीचे शेजारच्या पोत्यात टाकतो. संवादात याचा उल्लेखही नाही. पण बघणाऱ्याला कळलं, की खुनाच्या चौकशीतही या माणसाला सांडलेला दाणा बघवत नाही. चष्मा पुसणारा म्हातारा वर्षानुवर्षं आठवतो तो याच कारणानं. मन चालत्या हाताला धरून ठेवतं. पत्ते, वेळा, नाती यांची यादी सोडून देतं.

शेवटी, लपवलेली गोष्ट. गुन्हेगारी गोष्टीतला प्रत्येक चांगला पाहुणा काहीतरी लपवत असतो आणि ते खून असेलच असं नाही. सोपाननं खून केलेला नाही. पण आडत्याच्या सांगण्यावरून तो मापात पाप करत होता, शेतकऱ्यांचा माल कमी तोलत होता. त्या शेतकऱ्यांत त्याचा सख्खा भाऊही होता. हे त्याला पोलिसांपासून लपवायचं नाही, भावापासून लपवायचं आहे. नटाला हे गुपित पहिल्या प्रसंगापासून माहीत असेल, तर भावाचं नाव निघताच त्याची नजर किंचित हलेल. प्रेक्षकाला तेव्हा कारण कळणार नाही. शेवटी कळेल, तेव्हा ती नजर आठवेल. लेखकानं पेरलेलं आणि नटानं राखलेलं असं बी शेवटी उगवलं, की भाग पूर्ण होतो.

बोलीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायला हवी. टीव्हीवर वऱ्हाडी बहुतेक वेळा हसवण्यासाठी येते. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी ती विनोदातून घराघरांत नेली आणि तिला मोठा मान मिळवून दिला. पण सोपानच्या तोंडची वऱ्हाडी हसण्याची नाही. तिच्यात अपमान आहे, थकवा आहे, भावाची लाज आहे. बोली पाठ केलेली असली की तिच्यात फक्त 'ले' आणि 'काहून' ऐकू येतात. ती जगलेली असली की माणूस ऐकू येतो. विदर्भातल्या नटांना अशा गंभीर भूमिका अधिक मिळायला हव्यात. त्यात त्यांच्यावर उपकार नाहीत, मालिकेचाच फायदा आहे.

६. मग तोच खुनी का निघतो?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कारण साधं आहे. भागातली सगळ्यांत अवघड कामं गुन्हेगाराच्या वाट्याला येतात: खोटं बोलणं, गोड वागणं, घाबरणं आणि शेवटी कबुली देणं. कबुलीचा प्रसंग तर तीन-चार मिनिटं एकट्यानं पेलायचा असतो. ते काम नवख्यावर सोपवणं धोक्याचं. म्हणून दिग्दर्शक कसलेला नट घेतो. कसलेला नट म्हणजे आपण आधी कुठंतरी पाहिलेला नट. चेहरा ओळखीचा, म्हणून आपल्याला सुगावा लागतो.

यावर लेखकांनी काढलेले उपाय तीन. पहिला, ओळखीच्या नटाला बळी करायचं; आपण त्याच्यावर डोळा ठेवून बसतो आणि तोच मरतो. दुसरा, त्याला साक्षीदार ठेवायचं, सोपानसारखं; संशय त्याच्यावर खिळवायचा आणि वेदनाही त्याचीच दाखवायची. तिसरा उपाय सगळ्यांत धाडसी: खुनी कोण हे पहिल्या दहा मिनिटांतच दाखवून टाकायचं.

तिसऱ्या उपायावर एक अख्खी मालिका उभी राहिली. अमेरिकेतली 'कोलंबो'. पीटर फॉक यांचा चुरगळलेल्या रेनकोटातला लेफ्टनंट कोलंबो १९७१ पासून नियमित येऊ लागला. त्या पहिल्या नियमित भागाचा दिग्दर्शक होता तरुण स्टीव्हन स्पीलबर्ग आणि त्यातला खुनी होता जॅक कॅसिडी हा नट. प्रेक्षक सुरुवातीलाच खून होताना पाहतो. 'कोण?' हा प्रश्न संपतो, 'कसा सापडेल?' एवढाच उरतो. त्यामुळे पाहुण्याला लपून राहावं लागत नाही. पूर्ण भाग कोलंबोसमोर उभं राहून त्याला आपला माणूस दाखवता येतो.

७. कर्नल रमफोर्ड: स्वभाव हाच पुरावा

या मालिकेतली एक पाहुणी भूमिका अभ्यासासाठी घ्यावी अशीच आहे. २७ ऑक्टोबर १९७४ ला दाखवलेल्या भागात पॅट्रिक मॅकगुहान यांनी सैनिकी शाळेचा प्रमुख कर्नल रमफोर्ड केला. चित्रण झालं ते दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन इथल्या 'द सिटॅडेल' या खऱ्या सैनिकी महाविद्यालयात.

गोष्ट अशी. शाळेच्या मालक घराण्यातल्या माणसाला सैनिकी शाळा बंद करून तिथं मुलामुलींचं साधं महाविद्यालय काढायचं आहे. रमफोर्डचं सगळं आयुष्य शिस्त आणि सैन्य यांत गेलेलं. तो समारंभाच्या तोफेत स्फोटक भरतो, तिच्या नळीत कापड कोंबतो आणि संस्थापक दिनी तो माणूस मानाची तोफ डागायला जातो तेव्हा तोफच फुटते. दोष येतो तोफ साफ न करणाऱ्या एका विद्यार्थ्यावर.

रमफोर्ड पकडला जातो तो कशामुळे? शाळेतली मुलं चोरून सफरचंदाची दारू गाळत असतात आणि तिचं भांडं खिडकीबाहेर टांगून ठेवतात. रमफोर्डनं ते पाहिलेलं असतं. शिस्तीचा भंग झाला म्हटल्यावर त्याला गप्प राहवत नाही. तो गुन्हेगार मुलं शोधायला लागतो. कोलंबो शोधून काढतो, की ते भांडं ठरावीक दिवशी, पहाटेच्या थोड्याच मिनिटांत आणि तोफेजवळ उभं राहिलं तरच दिसू शकतं. त्या वेळी तोफेजवळ कोण होतं, हे रमफोर्डच्या तोंडूनच सिद्ध झालं.

या रचनेकडे नीट पाहा. रमफोर्डला त्याचा दुर्गुण पकडून देत नाही. त्यानं ज्यासाठी खून केला ती शिस्तच त्याला पकडून देते. मॅकगुहान यांनी तो ताठ, तुटक आणि थंड बोलणारा केला, कुठेही दया मागितली नाही. म्हणूनच शेवटी प्रेक्षकाला त्याची चीड येते आणि त्याच वेळी एक माणूस आपल्या मूल्यांसकट कोसळताना दिसतो. या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला. १९९० साली 'कोलंबो'तल्याच दुसऱ्या एका खुन्यासाठी तो पुन्हा मिळाला.

इथं आपल्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. कोडं सुटलं की मन त्याला सोडून देतं, कारण सुटलेल्या कोड्यात आता करण्यासारखं काही उरत नाही. स्वभाव मात्र सुटत नाही. आपल्या ओळखीतही एखादा रमफोर्ड असतो, एखादा सोपान असतो. ज्या भूमिकेत माणसाचा स्वभाव आणि गोष्टीतला पुरावा एकच होतात, तिथं कथानक आठवायचं म्हटलं तरी माणूसच आठवतो.

८. कबुली आधी, ओळख नंतर

प्रेक्षकाला गोष्ट सलग दिसते. नटाला ती तशी करायला मिळत नाही. चित्रीकरण जागेनुसार होतं. एका घरात घडणारे सगळे प्रसंग एकदम उरकतात, मग युनिट दुसरीकडे जातं. त्यामुळे सोपानचा पहिला प्रसंग आणि माल कमी तोलल्याची शेवटची कबुली दोन्ही एकाच आवारात असतील, तर दोन्ही एकाच दुपारी होतील. प्रकाश त्या बाजूचा असेल तर कबुली आधीही होईल.

कायमच्या नटाला याचा त्रास कमी होतो. त्याचा माणूस त्याच्या अंगात मुरलेला असतो. पाहुण्याला मात्र सकाळी गाडीतून उतरल्यापासून पूर्ण माणूस तयार ठेवावा लागतो. नाटकात महिनाभर तालीम मिळते, इथं एखाद्या वाचनावर भागवायचं. आजूबाजूचं युनिट वर्षानुवर्षं एकत्र जेवणारं, हा एकटा नवा. नाटकातून आलेले नट इथं टिकतात, कारण गोष्टीचा आरंभ ते शेवट मनात एकदम धरून ठेवण्याची त्यांना सवय असते.

'सीआयडी'नं एकदा ही तुकड्यांची पद्धतच मोडून दाखवली. २००४ साली लोणावळ्यात त्यांनी एक भाग १११ मिनिटांच्या एकाच अखंड शॉटमध्ये चित्रित केला. कॅमेरा एकदा सुरू झाला तो गोष्ट संपल्यावरच थांबला. या प्रयोगाची विक्रम म्हणून नोंद झाली. विक्रमाहून महत्त्वाचं हे, की त्या दिवशी पाहुण्यांना आणि कायमच्या नटांना एकाच नियमानं काम करावं लागलं. शंभराव्या मिनिटाला कुणी एक शब्द चुकला, तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. दूरचित्रवाणीनं त्या दिवशी रंगभूमीची कसोटी लावली.

९. पाहुणा घरचा होतो तेव्हा

पाहुण्या भूमिकेचा आणखी एक उपयोग आहे. ती परीक्षाही असते. एका भागात नट कसा काम करतो, वेळ कशी पाळतो, इतरांबरोबर कसा जमतो, हे निर्मात्याला कळतं.

'सीआयडी'चे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग आधी दूरदर्शनवर कॅमेरामन होते. शिवाजी साटम आणि ते 'एक शून्य शून्य'मध्ये एकत्र आले होते. त्या मराठी मालिकेतल्या ओळखीतून पुढे एसीपी प्रद्युम्न घडला.

आदित्य श्रीवास्तव यांची गोष्ट तर याहून बोलकी. रंगभूमीवरून आलेला हा नट १९९८ साली 'सीआयडी'त एका प्रकरणापुरता आला, तोही गुन्हेगार म्हणून. त्याच वर्षी 'सत्या' चित्रपटात त्यांनी इन्स्पेक्टर खांडिलकर केला. आणि १९९९ पासून ते 'सीआयडी'त इन्स्पेक्टर अभिजीत झाले, पुढची जवळजवळ वीस वर्षं. ज्या पोलिसांसमोर ते आरोपी म्हणून उभे राहिले होते, त्यांच्याच रांगेत ते जाऊन बसले. गुन्हेगाराचं मन पेलू शकणारा नट पोलीसही उत्तम करतो, कारण समोरचा काय लपवतो आहे हे त्यानं आतून अनुभवलेलं असतं. अभिजीतची चौकशी पाहताना हे जाणवतं. तो समोरच्याचं ऐकतो आणि मग बोलतो.

१०. पुढच्या वेळी काय पाहाल?

ही समज वापरून पाहण्याचे चार सोपे मार्ग आहेत.

पहिला: नव्या पाहुण्याचं पहिलं मिनिट आवाज बंद करून पाहा. त्याचा धंदा, वय आणि मनःस्थिती यांतलं काय नुसत्या डोळ्यांनी कळलं? काहीच कळलं नाही, तर नटानं किंवा दिग्दर्शकानं सगळा भार संवादांवर टाकला आहे.

दुसरा: इतर जण बोलत असताना पाहुण्याकडे बघा. वाक्य म्हणताना सगळेच अभिनय करतात. चरित्र अभिनेता ऐकताना ओळखू येतो.

तिसरा: खुनी कळल्यावर भागाची सुरुवात पुन्हा पाहा. गुपित माहीत असताना नटाची नजर, थांबे, हात बदललेले दिसले तर ते काम खऱ्या कसबाचं.

चौथा: शेवटी पळणारी नामावली थांबवून त्या नटाचं नाव वाचा आणि घरात मोठ्यानं सांगा. आज मोबाईलवर पडदा थांबवणं एका बोटाचं काम आहे. आपल्या गावच्या, तालुक्याच्या स्पर्धेत काम करणाऱ्या मुलामुलींना हे नाव कळायला हवं, कारण त्यांच्यापैकी कुणाला टीव्हीवर संधी मिळाली, तर ती बहुधा अशाच भूमिकेतून मिळणार आहे. नायकाची वाट बघत बसण्यापेक्षा मापारी, कंडक्टर, परिचारिका, तलाठी, आशाताई यांना जवळून पाहणं, त्यांचे हात आणि त्यांची वाक्यं टिपून ठेवणं ही त्यांची खरी तयारी आहे. केनवडच्या फाट्यावर एक दुपार थांबलं तरी असे दहा जण भेटतात.

गुन्हा कुणी केला हे पोलीस सांगतात. त्या गुन्ह्यानं एका माणसाचं काय मोडलं, हे सांगायचं काम पाहुण्या नटाचं आहे. मालिकेनं त्याला नऊ मिनिटं दिली, तर प्रेक्षक म्हणून आपण त्याला निदान त्याचं नाव द्यावं.